पैशांत फ्लॅट नंबर: एका सोसायटीच्या मेंटेनन्सचा घोळ कसा निस्तरला

पार्श्वभूमी

डोंबिवली पूर्वेला सात मजल्यांची एक सोसायटी आहे. दोन विंग, मजल्यावर चार फ्लॅट, एकूण ५६. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण घोळ जसा झाला तसाच सांगतो. मी तिथला सभासद नाही. शेजारच्या सोसायटीच्या कमिटीत आहे, आणि तिथले खजिनदार माझ्या ओळखीचे, म्हणून या प्रकरणात सुरुवातीपासून माझी ये-जा होती.

खजिनदार निवृत्त गृहस्थ, सगळे त्यांना नाना म्हणतात. जिन्याखालच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट, एक टेबल आणि पावतीपुस्तकं. मेंटेनन्स तिमाही: गाडी नसलेल्या घराला ८,४०० रुपये, पार्किंग असेल तर वर. पूर्वी चेक यायचे. चेकच्या मागे फ्लॅट नंबर लिहिलेला असायचा, नाना वहीत टिक करायचे, पावती फाडायचे, संपलं. यूपीआय २०१६ मध्ये आलं, पण या सोसायटीत ते खऱ्या अर्थाने रुजलं करोनाच्या काळात, बँकेत जाणं बंद झाल्यावर. त्या दोन वर्षांत चेक जवळपास नाहीसे झाले. पैसे वेळेवर यायला लागले आणि हिशोब मात्र बिघडला.

अडचण

सोसायटीचं खातं एका सहकारी बँकेत. तिच्या स्टेटमेंटमध्ये यूपीआयची ओळ अशी दिसायची: तारीख, बारा आकडी संदर्भ क्रमांक, पाठवणाऱ्याच्या नावाची पहिली काही अक्षरं, रक्कम. फ्लॅट नंबर कुठेच नाही. आणि रक्कम तर निम्म्याहून जास्त घरांची सारखीच, ८,४००.

नावावरून ओळखावं तर सोसायटीत पाटील पाच. काही घरांचे पैसे भाडेकरू भरतात, काहींचे पुण्या-बेंगळुरूतली मुलं, एका आजींचे त्यांचा जावई. नाना महिनाअखेरीला स्टेटमेंटची प्रिंट घेऊन बसायचे आणि एकेकाला फोन लावायचे. ओळख न पटलेल्या रकमा ‘अनामत’ म्हणून बाजूला पडायच्या.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक पेमेंटचे स्क्रीनशॉट टाकायचे. ते सुप्रभात, लिफ्ट बंद आहे, पाणी कधी येणार, यांच्यात वाहून जायचे. शिवाय स्क्रीनशॉट म्हणजे पैसे पोचल्याचा पुरावा नव्हे. ‘प्रोसेसिंग’ लिहिलेला स्क्रीनशॉट टाकून निवांत झालेले दोन जण मला माहीत आहेत. त्यांचे पैसे दुसऱ्या दिवशी त्यांच्याच खात्यात परत आले होते.

गोष्ट हातघाईवर आली ती व्याजामुळे. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमांनुसार, तेव्हा थकबाकीवर वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज आकारता येत होतं, आणि सोसायटीने सभेत तोच दर मंजूर केलेला. बी विंगमधल्या एका काकूंचे पैसे मुलाने त्याच्या खात्यातून वेळेवर भरले होते. नानांना ते ओळखू आले नाहीत. पुढच्या बिलात ४४१ रुपये व्याज लागून आलं. काकू सप्टेंबरच्या वार्षिक सभेला मुलाच्या बँकेचं स्टेटमेंट घेऊनच आल्या.

‘‘नाना, पैसे तुमच्याकडे, व्याज आमच्याकडे, हा कुठला न्याय?’’

नानांनी तिथल्या तिथे राजीनामा द्यायची भाषा केली. त्यांच्या जागी बसायला कोणी तयार नव्हतं, हे सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यामुळे आवाज एकदम खाली आले.

कोणते पर्याय समोर होते

पहिली सूचना अर्थातच ‘ॲप घ्या’ ही होती. गेटवरची नोंद, बिलं, पावत्या, तक्रारी, सगळं एकात. सोसायट्यांसाठी अशी ॲप्स आहेत आणि मोठ्या संकुलांत ती चांगली चालतात. इथे आक्षेप दोन. दर फ्लॅटमागे दर महिना खर्च, आणि तोही ज्या सोसायटीत पाण्याच्या टँकरवरून भांडणं होतात तिथे. दुसरा आक्षेप सेक्रेटरी बाईंचा, आणि तो मला जास्त वजनदार वाटला: ‘‘ॲप घेतलं तरी लोक पैसे जुन्याच यूपीआय आयडीवर टाकणार. मोबाईलमध्ये सेव्ह आहे तो. मग दोन ठिकाणी घोळ.’’

दुसरा पर्याय बँकेकडून प्रत्येक फ्लॅटला वेगळा व्हर्च्युअल खाते क्रमांक घेण्याचा. पैसे एकाच खात्यात जमा होतात, पण कोणत्या क्रमांकावर आले त्यावरून भरणारा कळतो. अडचणीचं नेमकं उत्तर हेच. पण त्यांच्या शाखेत ही सोय नव्हती, आणि यासाठी बँक बदलायची तर ठराव, सह्यांचे नमुने, मुदतठेवी, सगळंच हलवावं लागणार. तो विषय तिथेच थांबला.

तिसरा, सगळ्यांनी यूपीआयच्या ‘नोट’ रकान्यात फ्लॅट नंबर लिहायचा. हा सगळ्यात सोपा वाटला, म्हणून एक तिमाही करून पाहिला. नोट पाठवणाऱ्याच्या मोबाईलवर छान दिसते. या बँकेच्या स्टेटमेंटमध्ये मात्र ती कधी यायची, कधी अर्धवट यायची, कधी गायब. आणि निम्मे लोक लिहायला विसरायचे ते वेगळंच. नानांचे फोन थोडे कमी झाले, एवढंच.

चौथा पर्याय सुचवला एका मुलीने. तिची सीएची आर्टिकलशिप चालू होती आणि ती ए विंगमध्ये राहते. तिचं म्हणणं असं: स्टेटमेंटमध्ये नाव तुटतं, नोट गळते, पण एक रकाना कधीच चुकत नाही, तो म्हणजे रक्कम. मग फ्लॅट नंबर रकमेतच घालू. प्रत्येक फ्लॅटला ०१ ते ५६ असा अनुक्रमांक द्यायचा आणि तेवढे पैसे बिलात वाढवायचे. बी-३०१ चा अनुक्रमांक ३७, तर त्यांनी भरायचे ८,४००.३७.

सभेत हशा पिकला. कोणी म्हणालं, पैसे चलनातून गेले आणि तुम्ही परत आणताय. पण नानांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, ‘‘अगं, पार्किंगवाल्यांचं काय?’’ त्यांची रक्कम वेगळी असली तरी पूर्ण रुपयांतच असते, दशांशाच्या पुढचे दोन आकडे फ्लॅटचेच राहतात, हे कळल्यावर ते म्हणाले, ‘‘मग हे मला जमेल.’’

माझ्या मते या प्रकरणातला खरा निर्णय तिथे झाला. आधीच्या सगळ्या उपायांत लोकांनी काहीतरी जास्तीचं करायचं होतं: डाउनलोड करा, नोट लिहा, स्क्रीनशॉट टाका. यात बिलावर छापलेली रक्कम जशीच्या तशी भरायची, इतकंच. ती तर ते एरवीही भरतच होते.

अंमलबजावणी

गूगल शीटमध्ये एक फाईल केली. एका पानावर ५६ फ्लॅट आणि त्यांचे अनुक्रमांक, दुसऱ्यावर बँकेचं स्टेटमेंट जसंच्या तसं चिकटवायचं. बँकेने नेटबँकिंगचे फक्त पाहण्यापुरते अधिकार दिले. पैसे काढणं पूर्वीसारखंच, तिघांपैकी दोघांच्या सह्यांच्या चेकने. शीट कितीही जणांनी उघडली तरी पैशाला हात लागत नाही, ही गोष्ट ज्येष्ठांना पटवायला फार उपयोगी पडली.

रकमेतून अनुक्रमांक काढायचं सूत्र सोपं: रकमेला १ ने भागून जी बाकी उरते ती १०० ने गुणायची. पहिल्याच जुळवणीत बी-३०२ चे पैसे बी-३०१ च्या नावावर पडले. अनुक्रमांक ३८ च्या जागी शीट ३७ दाखवत होती. बाजूचा ३७ मात्र बरोबर. असं का? संगणक दशांश अपूर्णांक दोनच्या घातांत साठवतो, त्यामुळे ८,४००.३८ त्याच्या पोटात नेमकं तेवढं नसतं, केसभर कमी असतं. बाकीला शंभराने गुणल्यावर उत्तर ३७.९९९ असं काहीतरी येतं, आणि मुलीने वापरलेलं ‘इंट’ हे सूत्र दशांश सरळ छाटून टाकतं. त्याऐवजी ‘राउंड’ वापरलं की जवळचा पूर्णांक मिळतो. दुरुस्ती एका शब्दाची, पण नानांनी प्रत्येक ओळ कागदावर पडताळली नसती तर बी-३०२ ला चुकीचं व्याज लागलं असतं. सूत्र चालतंय असं वाटलं तरी पहिली तिमाही हाताने पडताळायची, हा नानांचाच आग्रह होता. आमच्या सोसायटीत मी तो उचलला.

पुढचा प्रसंग गमतीचा. ए-१०१ आणि ए-१०२ दोन्ही एकाच कुटुंबाचे. त्यांनी दोन्ही बिलांची बेरीज करून एकच पेमेंट केलं. ०१ अधिक ०२ म्हणजे ०३, आणि ए-१०३ ला आपोआप दुप्पट मेंटेनन्स भरल्याची पावती गेली. त्या घरातल्या आजोबांनी प्रामाणिकपणे येऊन सांगितलं की बाबा रे, मी अजून भरलेच नाहीत. तेव्हापासून बिलाच्या तळाला ठळक ओळ आहे: ‘एका फ्लॅटचे पैसे एकाच व्यवहारात, दोन फ्लॅटचे एकत्र नकोत.’ शिवाय शीटमध्ये एक तपासणी वाढवली. त्या फ्लॅटचे पैसे गेल्या वेळी ज्या नावाने आले ते नाव यंदा नसेल, किंवा बिलाची रक्कम जुळत नसेल, तर ओळ पिवळी होते. नाना आता फक्त पिवळ्या ओळींना फोन करतात.

हिशोब लिहिणाऱ्या अकाउंटंटने विचारलं, हे वरचे पैसे कोणाचे? सगळ्या ५६ फ्लॅटचे मिळून तिमाहीला १५ रुपये ९६ पैसे होतात. वर्षाला चौसष्ट रुपयेसुद्धा नाहीत. कमिटीतल्या एकाचं म्हणणं, सोसायटीच्या उत्पन्नात टाका, कोण विचारतंय. बी-७०४ वाले विचारत होते! त्यांचे ५६ पैसे सगळ्यात जास्त, आणि ‘वरच्या मजल्याला जादा आकार का’ असा त्यांचा अर्धा गमतीचा, अर्धा खरा सवाल. शेवटी ठरलं की ते पैसे सभासदाच्या खात्यावर आगाऊ जमा म्हणून राहतील. ते वर्षअखेरीला बिलातून वळते करावेत, असं ठरत होतं, तेवढ्यात मुलीने अडवलं. बी-३०१ चे वर्षाचे १ रुपया ४८ पैसे वजा केले तर पुढचं बिल ८,३९८.८९ होईल, म्हणजे अनुक्रमांक ८९, जो फ्लॅटच अस्तित्वात नाही. म्हणून नियम असा केला: जमा पूर्ण रुपया झाली की फक्त तो रुपया वजा, पैसे तसेच पुढे. त्याच कारणाने व्याजही पूर्ण रुपयांत आकारायचं ठरलं. ऑडिटमध्ये एका ओळीचा खुलासा द्यावा लागला, तेवढ्यावर भागलं.

ज्येष्ठांसाठी नंतर बिलावरच क्यूआर कोड छापला. यूपीआयच्या कोडमध्ये आयडीबरोबर रक्कमही भरून ठेवता येते, त्यामुळे स्कॅन केलं की ८,४००.३७ आधीच लिहिलेलं येतं. चेक देणारे चार-पाच जण आहेत, त्यांना कोणी हलवलं नाही.

सूचना पोचवणं

बिल तयार, पण ते पोचवायचं कसं? ग्रुपवर टाकलं की वाहून जाणार, म्हणून सेक्रेटरी बाईंनी व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी केली. आठवड्याने कळलं की बऱ्याच घरांना काही मिळालंच नाही. ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त त्यांनाच जातो ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला असतो. नव्या भाडेकरूंकडे बाईंचा नंबर असायचं काही कारण नव्हतं. मग दुसरा ग्रुप काढला, ज्यात फक्त ॲडमिन लिहू शकतात. जुना ग्रुप गप्पांना मोकळा ठेवला. तो बंद करायची सूचना आली होती. ती फेटाळली हे बरं झालं, नाहीतर सगळी सुप्रभातं नव्या ग्रुपच्या ॲडमिनकडे वैयक्तिक आली असती.

इथे एक निर्णय मात्र चुकला. पारदर्शकता हवी म्हणून शीटची ‘फक्त पाहा’ लिंक सगळ्यांना दिली. त्यात प्रत्येकाची थकबाकी दिसत होती. एका घरात आजारपण होतं, दोन तिमाही थकल्या होत्या. त्या ओळीचा फोटो कोणीतरी काढला आणि तो त्यांच्या नातेवाइकांच्या ग्रुपपर्यंत गेला. कमिटीने लिंक त्याच दिवशी बंद केली आणि घरी जाऊन माफी मागितली. आता प्रत्येकाला फक्त स्वतःच्या फ्लॅटचा उतारा पीडीएफ म्हणून जातो. एकूण येणं किती, हा आकडा सूचनाफलकावर असतो, नावांशिवाय.

कागद आणि किल्ल्या

हिशोब मार्गी लागल्यावर कपाटाकडे लक्ष गेलं. लिफ्टचा देखभाल करार, अग्निशामक नळकांडी भरण्याची तारीख, टाक्यांची सफाई, इमारतीचा विमा: हे सगळं कोणाच्या ना कोणाच्या डोक्यात होतं. ते एका सामाईक कॅलेंडरमध्ये घातलं, प्रत्येकाला एक महिना आणि एक आठवडा आधीची आठवण लावून. कागद मोबाईलवरच स्कॅन केले. त्यासाठी वेगळं ॲप लागलं नाही, गूगल ड्राइव्हमध्ये स्कॅनची सोय आहे. फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग विषय. अशी नावं दिली की यादी आपोआप तारखेच्या क्रमाने लागते. दिवस आधी लिहिला की जानेवारी, मार्च, ऑगस्ट सगळे एकमेकांत मिसळतात.

गूगलचं खातं सोसायटीच्या नावाने उघडलेलं, कोणा सभासदाच्या खाजगी ईमेलवर नाही. ही अक्कल आधीच्या अनुभवाने आलेली: मागचे खजिनदार नाशिकला गेले तेव्हा तीन वर्षांचा हिशोब त्यांच्या लॅपटॉपमध्ये गेला होता. पण खातं सोसायटीचं असलं तरी दुहेरी पडताळणीचा नंबर नानांचा होता. नाना मुलीकडे अमेरिकेला गेले, रोमिंग बंद, आणि इथे सेक्रेटरी बाईंच्या नव्या फोनवर लॉगिन कोड मागायला लागलं. कोड जाणार कुठे? नानांनी तिथे एका दिवसापुरतं रोमिंग घेतलं, पहाटे उठून कोड सांगितला, तेव्हा खातं उघडलं.

परतल्यावर त्यांनी पहिलं काम हे केलं: गूगल दहा बॅकअप कोड देतं, आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालणारा. ते छापून, पाकिटात सील करून, कोऱ्या शेअर सर्टिफिकेटांच्या शेजारी लोखंडी कपाटात ठेवले. पाकीट उघडलं तर कार्यवृत्तात नोंद करायची. दोन वर्षं वापर नसलेली वैयक्तिक खाती काढून टाकायचं गूगलचं २०२३ पासूनचं धोरण आहे, पण दर तिमाहीला बिलं निघतात तोवर त्याची चिंता नाही.

परिणाम

जुळवणीला नानांचा आठवडा जायचा, आता एक संध्याकाळ जाते. ‘अनामत’ खातं रिकामं झालं. चुकीचं व्याज लागल्याची तक्रार त्यानंतर आली नाही. काकूंचे ४४१ रुपये पुढच्याच बिलात वजा झाले. थकबाकीदार होते ते आहेतच. कोण भरत नाही हे आता नक्की कळतं, पण भरत नाही तो या दशांशातल्या पैशांच्या युक्तीमुळे भरायला लागत नाही. काही जण अजून गोल रक्कमच टाकतात, ‘चिल्लर कशाला’ म्हणून. त्यांच्या ओळी पिवळ्या होतात आणि नाना त्यांना फोन करतात.

पुन्हा करायचं झालं तर

अनुक्रमांक ०१ पासून सुरू करायला नको होते. ए-१०३ च्या आजोबांनी एकदा ८,४००.०३ ऐवजी ८,४००.३ भरले आणि ते बी-१०२ ला, म्हणजे ३० ला, जमा झाले. ११ पासून ६६ पर्यंत क्रमांक दिले असते तर सुरुवातीचं शून्य कुठेच आलं नसतं. शेवटचं शून्यही वगळलं असतं तर आणखी बरं, कारण ८,४००.३० स्टेटमेंटमध्ये ८,४००.३ असं दिसतं आणि वाचणारा गोंधळतो. आता बदलायचं तर सगळ्यांच्या मोबाईलमधल्या ठरलेल्या रकमा आणि छापलेले क्यूआर बदलावे लागतील, म्हणून कमिटी पुढच्या दरवाढीची वाट पाहतेय. रक्कम तेव्हा तशीही बदलणार आहे.

शंभराच्या वर फ्लॅट असतील तर ही युक्ती चालणार नाही. पैशाला दोनच आकडे. तिथे व्हर्च्युअल खाती किंवा ॲप हाच मार्ग, आणि तो खर्च तिथे वाटूनही कमी येतो.

एक काम अजून बाकी आहे. सूत्रं कळणारी माणसं दोन, नाना आणि ती मुलगी, आणि मुलगी आता लग्न होऊन ठाण्याला गेली. शीट कशी चालते ते तिने पानभर मराठीत लिहून दिलंय आणि ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. नव्या कमिटीतल्या कोणी एकाने येत्या तिमाहीची जुळवणी नानांना न विचारता, नुसतं ते पान वाचून करायची, असं ठरलंय. नानांनी त्या संध्याकाळी मुद्दाम बाहेरगावी जायचं कबूल केलंय.